मेजरने मागे बघायचं नसतं

१० जून

ही वही लव्हर्नबाईंनी दिली. पथकाच्या स्वयंपाकाचा ट्रक त्या चालवतात आणि कोणाच्या पोटात काय दुखतंय हे त्यांना वाढतानाच कळतं. म्हणाल्या, "मेजर झालीस ना? आता तुला कोणापाशी रडता यायचं नाही. जे काय ते यात ओकत जा."

तर ओकते. उद्या सकाळी आम्ही दौऱ्यावर निघतोय. रिव्हरमेन, ओटर फॉल्स, विस्कॉन्सिन. ऑगस्टपर्यंत रोज नवं गाव, नवं स्टेडियम, शाळेच्या जिमच्या फरशीवर झोप आणि पीनट बटरचे सँडविच. मी एकवीस वर्षांची आहे, म्हणजे नियमाप्रमाणे माझा हा शेवटचा उन्हाळा. पुढच्या वर्षी मी म्हातारी.

आणि मी ड्रम मेजर आहे. हे लिहिल्यावर कसं दिसतं ते बघायचं होतं. मार्लिस हॉगस्टॅड, ड्रम मेजर. छान दिसतं. बिगुल आणि ड्रम वाजवणारी सगळी पोरं मैदानात, समोर चौथऱ्यावर मी. तोंड त्यांच्याकडे, पाठ प्रेक्षकांकडे. माझे हात हलतील तसं पथक वाजणार आणि माझे हात मिटले की थांबणार.

पथकाचे संचालक पप्पा आहेत, त्यांच्याआधी आजोबा होते. त्यामुळे "बापाचं दुकान, लेक गल्ल्यावर" अशी कुजबुज चालते. कुजबुज कसली, जोलीन वोज्निक मोठ्यानेच बोलते. ती बिगुलवाल्यांची मुख्य, मेजर तिला व्हायचं होतं. आज बसमध्ये सामान चढवताना म्हणाली, "मेजरबाई, बॅग उचलू का? की तेही पप्पा करतील?"

अंगाचा तिळपापड झाला, पण हसले. मेजरने हसायचं असतं म्हणे.

१५ जून

आयोवा. मक्याची शेतं, माश्या, ऊन. सकाळपासून सराव, ओळी सरळ करा, पुन्हा करा, पुन्हा करा. स्पर्धेत पंच आमच्या रांगांमधून फिरतात आणि ज्याची चूक दिसेल तिथे कागदावर टिंब काढतात, म्हणून पोरं श्वाससुद्धा मोजून घेतात.

पप्पा या वर्षी सरावाच्या मनोऱ्यावर चढत नाहीत. दरवर्षी वरूनच ओरडायचे, यंदा ओरिनला पाठवतात. ओरिन ड्रम शिकवतो, माणूस चांगला आहे, पण त्याचा ओरडा म्हणजे दाराआडून कोणी खोकल्यासारखा. मी विचारलं, "पप्पा, वर का नाही येत?"

"म्हाताऱ्याने शिड्या चढायच्या आणि तरुणांनी सावलीत बसायचं का?"

संध्याकाळी नव्या पोरांना जमवून त्यांनी गोष्ट सांगितली. दरवर्षी सांगतात, आम्हाला पाठ आहे. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या कागद गिरणीतल्या माणसांनी सैन्याचे जुने बिगुल मिळवून हे पथक उभं केलं, आजोबा त्यांचे मेजर. एका चार जुलैला मिरवणुकीत मागे फटाक्यांची गाडी पेटली. लोक पळत सुटले. आजोबांनी मान वळवली नाही, हात थांबवले नाहीत आणि पथक वाजवत राहिलं. ते ऐकून लोक भानावर आले, नाहीतर चेंगराचेंगरीत माणसं मेली असती.

"म्हणून आपल्यात काय नियम आहे?" पप्पांनी विचारलं.

सगळी पोरं एका सुरात ओरडली, "आभाळ कोसळलं तरी मेजरचे हात थांबेपर्यंत वाजवायचं!"

"आणि मेजरने?"

"मागे बघायचं नाही!"

अंगावर काटा येतो. दरवर्षी येतो.

२३ जून

काल इलिनॉयमध्ये चौथे आलो. चुका कमी होत्या. मी खुशीत होते. पप्पा बसच्या पायरीवर बसून ऐकत होते, निकालानंतर मला जवळ बोलावलं.

"हात छान आहेत. पण पोरांची तोंडं बघितलीस का? ताटातल्या माशासारखी. चुकत नाहीत आणि वाजवतही नाहीत."

"म्हणजे मी काय करू?"

"त्या हळू गाण्यात त्यांच्या डोळ्यांत काहीतरी दिसलं पाहिजे. ते आणणं तुझं काम. मला इथून दिसत नाही, तुला दिसतं. एकट्या मेजरलाच दिसतं ते."

मग एक गोळी तोंडात टाकून म्हणाले, पोट बरं नाही. लव्हर्नबाईंच्या मिरचीच्या रश्श्याने कोणाचं बरं असतं?

हळू गाणं म्हणजे आमच्या कार्यक्रमाच्या मधला भाग. ड्रम गप्प होतात, निशाणवाल्या मुली निशाणं जमिनीलगत आणतात आणि नुसते बिगुल वाजतात, हलके. या भागाने शेवटच्या बारांत जाता येईल असं सगळे म्हणतात. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत बारा पथकं जातात. रिव्हरमेन कधीच गेलं नाही. आजोबा ते बघायचं म्हणत म्हणत गेले, आता पप्पा म्हणतात. स्पर्धा यंदा आपल्याच राज्यात आहे. आणि माझा हा शेवटचा उन्हाळा आहे. बस, एवढंच आहे.

१ जुलै

आई फोनवर दरवेळी एकच विचारते, "पप्पा जेवतात का? सावलीत बसतात का?" मी कशी आहे ते विचारायला तिला शेवटी आठवतं. नवऱ्याचं कौतुक या वयातही संपत नाही तिचं.

एक गोष्ट मनात टोचते आहे, ती लिहूनच टाकते. मागचा मेजर होता ग्लेन. त्याच्या वेळी पप्पा प्रत्येक स्पर्धेला चौथऱ्याच्या मागे कुंपणाला टेकून उभे असायचे, अगदी त्याच्या पाठीशी. माझ्या वेळी एकदाही नाही. बसमध्ये बसतात, नाहीतर ट्रकपाशी खुर्ची टाकून. खुर्चीसुद्धा मलाच उचलायला सांगतात. काल डावा हात चोळत होते, म्हटलं काय झालं, तर म्हणे वाकडा झोपलो.

ग्लेनच्या पाठीशी उभं राहता येत होतं. मुलीच्या पाठीशी उभं राहायला हात दुखतो.

४ जुलै

मिशिगनमध्ये मिरवणूक. डांबर वितळत होतं, दोन निशाणवाल्या भोवळ येऊन पडल्या, रांग त्यांना वळसा घालून पुढे गेली, तसंच असतं. पप्पा दरवर्षी पथकाच्या बाजूने चालतात, आज लव्हर्नबाईंच्या ट्रकमधून आले. वारा खात.

संध्याकाळी मी गेलेच त्यांच्यासमोर.

"तुम्हाला माझी लाज वाटते का?"

"काय?"

"ग्लेन होता तेव्हा कुंपण सोडत नव्हता तुम्ही. मी उभी राहिले की बसमध्ये लपता. लोक म्हणतात बापाने मेजर केली. बापाला बघवत पण नाही हे त्यांना माहीत नाही!"

वाटलं आता ओरडतील, निदान हसतील. म्हणाले, "तू पुढे बघ, मार्लिस."

बरं. बघते पुढे. त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवलंय.

९ जुलै

अबोला चालू आहे. कामाचं काही असलं तर ओरिनमार्फत. ओरिन मधल्यामध्ये घामाघूम. तिसरे आलो. पोरांची तोंडं अजून माशासारखीच.

१३ जुलै, संध्याकाळ

घाईत लिहिते आहे. वाद्यांच्या ट्रकच्या पायरीवर बसले आहे, ओहायो, आत्ताच मैदानातून बाहेर आलो.

झालं! आज झालं! हळू गाणं सुरू झालं आणि पहिल्याच ओळीनंतर मला ते दिसलं. आधी जोलीनच्या डोळ्यांत. ते एकदम मोठे झाले. मग तिच्या शेजारच्याच्या, मग सगळ्या रांगेच्या. जोलीन रडत होती! जोलीन वोज्निक, जिला बोटाचं हाड मोडलं तेव्हा रडू आलं नव्हतं! बिगुल तोंडाला तसाच, सूर तसाच आणि गालांवरून पाणी. सगळे माझ्या हातांकडे बघत होते, असे की डोळ्यांनी हात धरून ठेवतायत. असं माझ्याकडे कोणी कधी बघितलेलं नाही. मी हात आणखी हळू केले, आणखी लांबवलं, आणि ते आले माझ्यामागे, एकजण सुटला नाही.

आणि पाठीमागे लोक उठून उभे राहिले! गाणं अजून संपलंही नव्हतं. बाकं खडखडली, कोणीतरी ओरडलं, पावलं धावली. वळून बघावंसं फार वाटलं. मेजरने बघायचं नसतं. नाही बघितलं. शेवटपर्यंत नेलं.

पप्पांनी ऐकलं असेल का? बसमध्ये बसून काय ऐकू येणार म्हणा. आज मीच जाऊन बोलणार आहे. अबोला गेला खड्ड्यात. म्हणेन, माशांना रडवलं की नाही?

पण पोरं कुठे गेली? मैदानाबाहेर रांग मोडल्याबरोबर सगळी गेटकडे पळाली, माझ्याकडे कोणी बघितलंच नाही. ओरिन येतोय. टोपी हातात घेऊन

१४ जुलै

पप्पा कुंपणापाशी होते. काल.

ते माझ्या पाठीशी उभे होते आणि पडले.

१५ जुलै

जिवंत आहेत. हृदयाचा मोठा झटका. काचेतून बघू देतात. नळ्या, यंत्र. आई रात्रभर गाडी चालवून आली.

लोक उठून उभे राहिले होते ते बघायला. धावत होते ते स्ट्रेचरवाले. मी लिहून ठेवलंय ते वर. वाचलं आणि पान फाडावंसं वाटलं, पण राहू दे. असू दे माझ्या डोळ्यांसमोर काय अक्कल होती ती. मी गाणं लांबवलं. माझा बाप माझ्यामागे गवतात पडला होता आणि मी हात आणखी हळू केले.

१६ जुलै

जिममध्ये गेले. पोरं पिशव्या भरत होती, दौरा थांबत नाही, पुढचं गाव वाट बघतंय. मला ओरडायचं नव्हतं, पण आवाज आपोआप चढला.

"तुम्ही सगळ्यांनी बघितलं! प्रत्येकाने! एकालाही बिगुल खाली ठेवता आला नाही? एकालाही हाक मारता आली नाही?"

जोलीन पुढे आली. तिचे डोळे सुजलेले.

"आम्ही तुझ्या हातांकडे बघत होतो," ती म्हणाली. "वाट बघत होतो. आता थांबवेल, आता थांबवेल. तुला कळलं असेल असं वाटत होतं. लोक एवढे ओरडत होते, कळलं नसेल कसं? आणि तू..." तिने हात वर करून हळूहळू लांबवून दाखवले, अगदी मी केले तसे. "तू आम्हाला आणखी वाजवत ठेवलंस. आम्हाला वाटलं, ही हॉगस्टॅडची मुलगी. बाप पडला तरी नियम मोडत नाही. मला तुझी भीती वाटली, मार्लिस."

मी फरशीवर बसले. तीही बसली शेजारी. लव्हर्नबाईंनी दोघींच्या हातात कॉफी दिली, ती गार झाली.

१९ जुलै

पथक ओरिनबरोबर पुढे गेलं, चौथऱ्यावर माझ्या जागी तोच हात हलवतो आहे. मी इथे, हॉस्पिटलच्या खुर्चीत.

आज पप्पांना बोलू दिलं. आवाज चिंधीसारखा झालाय. पहिलं वाक्य, "तू इथे काय करतेस?"

"तुमच्याजवळ बसले आहे."

"पथक तिकडे आणि मेजर इकडे. वा."

मला वाटलं होतं, ते हात धरतील. मग मीच धरला. विचारलं, "पप्पा, पडलात तेव्हा मी वळावं असं वाटलं नाही?"

त्यांनी विचार केला. खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "नाही. पडलो तेव्हा एवढीच भीती वाटली की पोरं थांबतील. पण थांबली नाहीत. पडल्या पडल्या ऐकत होतो. पहिल्यांदाच वाजवलं त्यांनी, मार्लिस. तू आणलंस ते."

मी हात सोडला आणि बाहेर आले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात येरझारा घालत राहिले, रागाने की कशाने कळेना. त्यांना कळतच नाही ते कशामुळे वाजलं!

आई मागून आली. तिने बाकीचं सांगितलं. डॉक्टरांनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं, हृदय कमजोर आहे, उन्हात उभं राहायचं नाही, शिडी नाही, चालणं नाही. दौऱ्यावर जाऊच नका म्हणाले होते. पप्पांनी आईला शपथ घातली, पोरीला सांगायचं नाही, तिचा शेवटचा उन्हाळा आहे.

"मग त्या दिवशी का उभे राहिले?" मी विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली केली. आमचा अबोला कशावरून होता ते तिला पप्पांनी फोनवर सांगितलेलं दिसतंय.

२० जुलै

डावा हात चोळत होते. मिरचीचा रस्सा म्हणे. खुर्ची उचल म्हणाले. हे सगळं माझ्याच अक्षरात आहे. कोणी परक्याने वाचलं तर दुसऱ्याच पानावर ओळखेल.

२७ जुलै

पप्पांना घरी नेलं. त्याआधी हॉस्पिटलमधूनच मला त्यांनी जवळजवळ हाकलून दिलं. "चौथऱ्यावर चढली नाहीस तर मी इथून उठून येईन," असं म्हणाले आणि उठायला लागले. नर्स ओरडली. मी बस पकडली.

आज इंडियानात पथकाला गाठलं आणि सरावाआधी सगळ्यांना खाली बसवलं.

"नियम बदलतोय," मी म्हटलं. "माझ्यामागे काही घडलं, ज्याला दिसेल त्याने वाद्य खाली घ्यायचं. माझ्या हातांची वाट बघायची नाही. एकाने खाली घेतलं की सगळ्यांनी घ्यायचं. मग मी वळून बघेन."

जशी मी कुऱ्हाड घेऊन ड्रम फोडायला निघाले होते अशी त्यांची तोंडं झाली.

ओरिन म्हणाला, "म्हातारा आपल्याला जिवंत सोडणार नाही."

"म्हातारा जिवंत राहावा म्हणूनच चाललंय ना हे," लव्हर्नबाई ट्रकमधून ओरडल्या.

जोलीनने विचारलं, "काही म्हणजे काय? मांजर आडवं गेलं तर? मग मेजर तरी कशाला हवा? आम्ही आमचं ठरवतो."

"तू ठरव," मी म्हटलं. "तुझे डोळे पहिले मोठे होतात. तूच ठरव."

मग सराव केला, वाद्य खाली घेण्याचा. पोरांना जमेना. लहानपणापासून हाडीमाशी भिनलेलं ते, हात वरच राहायचे. एक ड्रमवाला तर रडकुंडीला आला.

६ ऑगस्ट

दुसरे आलो. तोंडं बदलली आहेत. मासे गेले ते गेलेच. हळू गाणं सुरू झालं की प्रत्येकाच्या डोळ्यांत तो दिवस येतो, माझ्याही. मला हे असं मिळवायचं नव्हतं.

चौथऱ्यावर चढते तेव्हा दरवेळी पाठ गार पडते. मागे काय आहे? काही नाही. लोक आहेत. तरी.

फोनवर पप्पा मार्क विचारतात. राष्ट्रीय स्पर्धेला येतो म्हणाले, डॉक्टर म्हणाले, खुशाल जा, शवपेटीसकट. आईने गाडीची किल्ली लपवली. नव्या नियमाचं मी त्यांना सांगितलेलं नाही.

१६ ऑगस्ट

प्राथमिक फेरी. दुपारची. जसं झालं तसं लिहिते.

आमच्या आधीची पथकं ऐकून ओरिनने बोटांवर हिशोब केला आणि म्हणाला, आज नेहमीसारखं झालं तरी बारांत आहोत. पोरं पांढरी पडली. मी टोपीचा पट्टा बांधला, चौथऱ्यावर चढले, लोकांना सलाम केला आणि पाठ फिरवली.

सुरुवात अशी गेली की पंचांना टिंबं काढायला जागाच सापडेना. मग हळू गाणं. निशाणं खाली आली. बिगुल. मी हात उघडले.

पहिली ओळ झाली आणि जोलीनचे डोळे मोठे झाले.

तेच. अगदी तेच. मग शेजारच्याचे, मग रांगेचे. तीच तोंडं, ओहायोची. हात चालूच होते, आपोआप. आईला काही झालं असेल. घरून निरोप आला असेल. ओरिन कागद घेऊन मागे उभा असेल. पप्पा गेले. जोलीन माझ्याकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि मला वाटलं, घेऊ नकोस. वाजवत राहा. कृपा करून खाली घेऊ नकोस, म्हणजे मला वळावं लागणार नाही.

जोलीनने बिगुल खाली घेतला.

मग सगळ्यांनी. एका क्षणात. एवढं मोठं स्टेडियम आणि आवाज नाही. एक पंच कागदावर पेन टेकवून तसाच उभा राहिला. माझे हात हवेत होते. मी ते मिटले. पाय वळेनात, पण वळवले.

कुंपणाला टेकून पप्पा उभे होते.

अंगावर घरचाच सदरा, पायात सपाता, शेजारी आई, तिच्या तोंडावर 'मी काय करू' असा भाव. मला काही कळलंच नाही. मी मेलेला माणूस बघायला वळले होते. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पोरांकडे बघितलं, आणि त्या चिंधी आवाजात, जो त्या शांततेत शेवटच्या बाकापर्यंत गेला, ओरडले,

"थांबलात कशाला, गाढवांनो! मेलो नाही अजून! वाजवा!"

लोक हसले की ओरडले, कोण जाणे. मी पोरांकडे वळले. जोलीन हसत आणि रडत होती आणि बिगुल तिला तोंडाला लावताच येत नव्हता. मी हात वर केले. जमेल तसं जमवून घेतलं, उरलेलं गाणं गाळून थेट शेवटचा भाग धरला, कोणी आधी कोणी नंतर, रांगा वाकड्या, आणि असा गोंगाट झाला की आजोबांनी थडग्यात कूस बदलली असेल. पंच टिंबं काढून काढून दमले असतील.

तेरावे आलो.

१९ ऑगस्ट, ओटर फॉल्स

पप्पा कोणाशी बोलत नाहीत. मला वाटतं हा अबोला आमच्या घराण्यातच आहे. आईने किल्ली लपवली होती म्हणून त्यांनी शेजाऱ्याच्या गाडीचा सौदा केला, तेव्हा आईने निमूट आपली गाडी काढली. डॉक्टरने दोघांना फैलावर घेतलं.

जोलीन सकाळी आली होती. लव्हर्नबाईंनी पाठवलेला बटाट्याचा केक ठेवून गेली. दारातच म्हणाली, "पप्पांना सांग, मीच आधी खाली घेतला. तुझा दोष नाही." मग म्हणाली, "पण पुन्हा दिसले तर पुन्हा घेईन." तिलाही एकवीस पूर्ण झालीत. तिलाही आता पुन्हा नाही.

दुपारी पप्पा पडवीत खुर्चीत बसले होते. मी खुर्ची सावलीत सरकवली. बऱ्याच वेळाने त्यांनीच तोंड उघडलं.

"नियम कोणी बदलला?"

"मी."

"तेरावा नंबर."

"हो."

नदीकडे बघत बसले. वाटलं, संपलं. मग म्हणाले, "पोरं खरंच वाजवायला लागल्यापासून त्या हळू गाण्याचा शेवट मी ऐकलाच नाही. ओहायोत अर्ध्यात बेशुद्ध पडलो आणि परवा तुम्ही थांबलात. कसा करतेस तू तो?"

"आता?"

"मग कधी? उभी राहा."

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. पाठ नदीकडे, तोंड त्यांच्याकडे. माझे हात त्यांनी समोरून कधी बघितलेच नव्हते हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी हात उघडले आणि ते बिगुलाचा सूर गुणगुणू लागले. चिंधी आवाज, पण सूर पक्का. मी लांबवलं तसं लांबवलं, हळू केलं तसं हळू. शेवटच्या ओळीपाशी त्यांचा श्वास पुरेना, मान लाल झाली, तरी सोडेनात.

मी हात मिटले.

"थांबलीस कशाला?" ते धापा टाकत म्हणाले. "एकच ओळ राहिली होती."

"मेजर मी आहे," मी म्हटलं. "माझे हात थांबले की थांबायचं."

ते खुर्चीला टेकून बसले. श्वास जागेवर येईपर्यंत मी हात खालीच ठेवले. मग राहिलेली ओळ घेतली.